उरलेलं ते पंचाचं

दोन वर्षांपूर्वी, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, भुजंगमामांच्या ओसरीवर बैठक बसली. रक्कम होती रुपये शहाऐंशी हजार चारशे. हजर माणसं अशी: गोविंद आणि माणिक हे सख्खे पण विभक्त भाऊ, डावा हात प्लास्टरमध्ये असलेला, ट्रकचा मालक आणि चालक चांदपाशा; मामांची भाची असलेली माझी बायको सुनंदा; मी, म्हणजे बेरीज करायला नांदेडहून बोलावलेला जावई; आणि पंच म्हणून खुद्द भुजंगमामा, खांद्याचं हाड मोडल्यामुळे हात गळ्यात बांधलेला. ज्यांच्या हुकमामुळे ट्रक पडला, तेच त्या नुकसानीचा निवाडा करायला बसले होते. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. वाटणी म्हटलं की त्या भागात मामांशिवाय दुसरं नाव निघत नसे. आणि तोटा ही सुद्धा वाटायचीच वस्तू होती.

मामांचं गाव लोह्याच्या पुढे, लातूर रस्त्याला लागून. अंगानं काटकुळे, वजन पन्नास किलोच्या वर कधी गेलं नसावं. धोतर, टोपी आणि सदऱ्याच्या खिशात सुतळीचं गुंडाळं. माणसं खिशात तंबाखूची पुडी ठेवतात, मामा सुतळी ठेवत. तिनं ते शेत मोजत, घर मोजत, पोरांच्या भांडणातला ऊसही मोजत. सुतळी मधोमध दुमडायची, मधला बिंदू बोटानं दाबायचा आणि म्हणायचं, "हे बघा, देवाला सुदा बोट ठिवाया जागा न्हाई." देवाला तिथं बोट ठेवायची गरज का पडावी, हे कधी कुणी विचारलं नाही.

त्यांचा कायदा दोन कलमांचा होता. पहिलं, जे आहे ते समसमान. दुसरं, जे वाटलं जात नाही ते पंचाचं. दुसऱ्या कलमाखाली आयुष्यभरात त्यांच्या घरी एक परात, एक शेळी, पितळी घंटा आणि एक आरामखुर्ची आलेली मी स्वतः पाहिली. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला ते नांदेडला आमच्याकडे होते. केक त्यांनीच सुतळी लावून कापला. आठ मुलं, आठ तुकडे, एकाचा कोपरा दुसऱ्यापेक्षा केसभर मोठा नाही. वर लाल चेरी मात्र एकच होती. मुलांचे डोळे तिच्याकडे लागले. मामांनी ती उचलली आणि स्वतःच्या तोंडात टाकली.

"मामा, पोरीचा वाढदिवस आहे," सुनंदा म्हणाली.

"म्हणूनच. वाद नगं," मामा चेरी चघळत म्हणाले.

गोविंद आणि माणिक यांची वाटणी हा मामांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा निवाडा. त्यात शेत वाटलं गेलं, विहिरीचे दिवस वाटले गेले, घराच्या फाटकाची दोन दारंही वाटली गेली. डावं थोरल्या गोविंदचं, उजवं धाकट्या माणिकचं. पुढे माणिक चाकूरकडे सासुरवाडीच्या गावी राहायला गेला. जाताना आपल्या हक्काचं दार बिजागरीसकट उचकटून घेऊन गेला. तेव्हापासून गोविंद रोज रात्री नेमानं अर्धं फाटक लावतो आणि आतून कडी घालतो. कुत्री उरलेल्या अर्ध्यातून येतात.

म्हैस एकच होती. मामांनी दिवस लावून दिले. आज एकानं धार काढायची, उद्या दुसऱ्यानं. वैरण कुणी घालायची याबद्दल निवाड्यात उल्लेख राहून गेला. ज्याची आज धार असे तो म्हणे, काल त्यानं घातलीच असेल. ज्याची उद्या असे तो म्हणे, आज माझी धार नाही, मी का घालू. महिन्याभरात म्हैस आटली. मी मामांना विचारलं, हे बरोबर झालं का. मामा म्हणाले, "म्हैस आटली जावई, पर कुणाला थेंब जास्त गेला का?"

गेला नव्हता. एवढं मान्य करावं लागलं.

तर कडब्याचं असं झालं. त्या वर्षी दोघा भावांना कडबा हवा होता. बिलोलीकडे एका शेतकऱ्याजवळ चांगला, उंच ज्वारीचा कडबा होता. अर्धा ट्रक आणा नाहीतर पूर्ण आणा, भाडं तेवढंच. म्हणून बोलणं बंद असलेले दोघं भाऊ एका ट्रकपुरते एकत्र आले आणि मध्ये मामांना घातलं. मामांनी मला घातलं. "तुमी हिशेबी माणूस. पेंढ्या मोजाया चला." गुढीपाडव्यानंतरचा रविवार होता. तो माझ्या सुट्टीचा असतो, पण मामांच्या कायद्यात सुट्टी वाटता येत असल्यामुळे अर्धी त्यांची होती.

चांदपाशा लोह्याचा. त्याच्याकडे एकच ट्रक, तोच त्याचा धंदा आणि तेच त्याचं घरदार. उन्हाळ्यात कडबा, दसऱ्यानंतर ऊस. त्याचा ट्रक भरला की मागून येणाऱ्याला पुढे आभाळ दिसत नसे, आणि यात त्याला अभिमान होता. वाटेतल्या वायरी वर उचलायला केबिनवर बांबू बांधलेला. नजर लागू नये म्हणून पुढे लिंबू-मिरची आणि मागे जुनी चप्पल. एवढा बंदोबस्त असल्यावर उंचीची काळजी कशाला करायची, असं त्याचं मत होतं. "कडबा हलका रहाता," तो म्हणे. "उंच दिसला म्हणून काय, वजन कुठं हाय त्याच्यात?" वजन होतं. चौदाशे पेंढ्यांचं, एकेक चार किलोची धरली तरी साडेपाच टनांच्या वर, आणि त्यातलं बरंचसं माणसाच्या डोक्याच्या वर. मी ते बोलून दाखवलं. त्यानं माझ्याकडे पाहून विडी पेटवली.

पण निदान तो भरायचा तरी रीतीनं. कडबा भरायची एक रीत असते. बुडखे बाहेर, शेंडे आत. दोन्ही बाजूंचे शेंडे मधोमध एकमेकांत घुसतात आणि थराला थर धरून ठेवतो. दोर नंतर. आधी कडबाच कडब्याला बांधतो.

मामांना ही रीत बेकायदेशीर वाटली.

त्यांचा विचार असा होता. माल पुढे-मागे वाटावा, तर हमाल मागे चांगल्या पेंढ्या लावतात आणि पुढे किडक्या. खाली-वर वाटावा, तर खालच्या चेपतात आणि वरच्या उन्हानं पांढऱ्या पडतात. म्हणून एकच न्याय्य मार्ग: ट्रक उभा चिरायचा. केबिनच्या मध्यापासून मागच्या फाळक्याच्या मध्यापर्यंत मामांनी सुतळी ताणली. चिठ्ठ्या टाकल्या. उजवी बाजू गोविंदची आली, डावी माणिकची. प्रत्येक थराला सुतळी वर सरकायची आणि कुणाचा शेंडा पलीकडे जायचा नाही.

हमालांचा मुकादम खाली उतरला. "मामा, शेंडे एकमेकांत गेले तरच थप्पी धरती."

"आज शेंडे जातील, उद्या हात जातील," मामा म्हणाले. "ह्याचा शेंडा त्याच्या हद्दीत जायचा न्हाई."

मुकादमानं चांदपाशाकडे पाहिलं. चांदपाशानं दोन्ही भावांकडे पाहिलं. ते दोघं आयुष्यात पहिल्यांदाच एकमतानं मान डोलवत होते. त्या दुर्मिळ एकीचा भंग करायचं पाप कुणी डोक्यावर घेतलं नाही. दुपारपर्यंत ट्रकवर कडब्याच्या दोन स्वतंत्र भिंती उभ्या राहिल्या, मध्ये फट, फटीत सुतळी. मी मोजल्या. सातशे आणि सातशे. मामांनी ज्या नजरेनं तो ट्रक पाहिला, त्या नजरेनं मी त्यांना कुठल्याच मंदिराकडे पाहताना पाहिलेलं नाही.

नांदेड ओलांडून लोह्यापर्यंत ट्रक बरा आला. डुलत होता, पण दोन्हीकडे सारखा डुलत होता. मी माणिकच्या जीपमधून मागे होतो. गोविंद पुढे मोटारसायकलवर, मामा केबिनमध्ये.

मामांच्या गावात गोविंदच्या खळ्यावर त्याच्या सातशे पेंढ्या उतरल्या. त्या उतरल्या तसा ट्रक दिसू लागला तो अर्धी दाढी करून उठलेल्या माणसासारखा. उजवी बाजू फळीपर्यंत रिकामी, डावीकडे दोन पुरुष उंचीची भिंत. डाव्या चाकांवरचे स्प्रिंगांचे पाटे दबलेले. मी दोन्हीकडून जमिनीपासून फळीपर्यंत वीत टाकून पाहिली. डावी बाजू वीतभर खाली होती. मामांना सांगितलं. ते म्हणाले, "डावीकडं माल हाय म्हणल्यावर डावी खालीच जाणार. त्यात काय इशेष?"

चांदपाशाचा अभिमान मात्र आता उतरला होता. "मामा, ही गाडी अशी न्यायची न्हाई. अर्ध्या पेंढ्या मधी घेऊ, थर खाली करू. घंट्याभराचं काम हाय."

"हमालीचे पैसे कोन देणार?" गोविंदनं विचारलं. "माझा माल उतरला. माझं काम संपलं."

"तुझ्या खळ्यात हमाली होऊन राहिली म्हणजे अर्धी तुझी," माणिक म्हणाला.

"पेंढ्या तुझ्या, खळं माझं. उलट जागेचं भाडं दे."

चांदपाशा मध्ये पडला. "मी देतो बाबांनो हमाली. माझी गाडी हाय."

आणि इथे मामांनी हात वर केला. "पैशाचा सवाल न्हाई. ह्याच्या खळ्यात त्याचा माल उतरला, परत चढला, तर उद्या हा म्हणंल सातशे व्हत्या, तो म्हणंल सहाशे नव्वद भरल्या. एकदा मोजलेला माल हलवायचा न्हाई. माल हलला की न्याय हलला."

"मामा, गाडी हलली तर?" चांदपाशानं विचारलं.

मामांनी थोडा विचार केला. न्यायाच्या चौकटीत राहून या माणसाचं समाधान करणं त्यांना भाग होतं. मग म्हणाले, "तुला उजवीकडं वजन पाहिजे ना? मी बसतो उजवीकडं." आणि केबिनमध्ये चढून ते ड्रायव्हरच्या मागच्या फळीवर, अगदी उजव्या कोपऱ्यात, मांडी घालून बसले. डावीकडे जवळजवळ तीन टन कडबा आणि उजवीकडे पन्नास किलो भुजंगमामा. चांदपाशानं स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला आणि गाडी काढली. नाही म्हणायला हवं होतं, पण भाडं मुक्कामी मिळणार होतं.

आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला होता. डांबर कोरडं होतं, पण कडेची साइडपट्टी काळ्या मातीची. अहमदपूरच्या अलीकडे एका अरुंद ठिकाणी समोरून एसटी आली. चांदपाशानं वेग कमी केला, गाडी डावीकडे घेतली. त्याची काही चूक नव्हती. एसटीला जागा न देणारा ट्रक अजून जन्माला यायचाय. डावं मागचं चाक डांबरावरून उतरलं आणि मऊ मातीत गेलं. टीचभर गेलं असेल. एवढं पुरलं.

ट्रक उलटला असं लोक म्हणतात. उलटला नाही. मी मागून पाहत होतो. आधी भिंत झुकली. तिला धरून ठेवायला पलीकडून एकही शेंडा नव्हता, दोर तेवढे ताणले गेले. मग उजवी चाकं सावकाश जमिनीवरून सुटली. क्षणभर ट्रक तसाच राहिला, जणू काही मामांचे पन्नास किलो विचारात घेत होता. मग म्हैस पाण्यात बसते तसा डाव्या कुशीवर रस्त्याकडेच्या चारीत जाऊन बसला.

आम्ही धावलो. केबिनचं उजवं दार आता आभाळाकडे होतं. त्यातून एसटीच्या कंडक्टरनं आणि मी आधी मामांना वर काढलं, विहिरीतून काढावं तसं. खांदा लोंबत होता, टोपी गेली होती. खाली चांदपाशा डाव्या दारावर पडला होता आणि त्याचा हात त्याच्याच अंगाखाली. त्याला काढायला जास्त वेळ लागला, कारण हात सोडवताना तो ओरडत नव्हता आणि आम्हाला कळत नव्हतं कुठे दुखतंय.

मामांना बांधावर बसवलं. पाणी दिलं. ते प्यायले नाहीत. म्हणाले, "पेंढ्या मोजा."

मोजता आल्या नाहीत. आसपासच्या वस्तीवरचे लोक मदतीला आले होते आणि रिकाम्या हातानं कुणी परत गेलं नाही. मी पाहिलं तोवर एक बाई डोक्यावर पाच पेंढ्या घेऊन शेताच्या वाटेला लागली होती. वाटणी चालू होती. सुतळी मात्र कुणी लावली नव्हती.

आता बैठकीकडे येतो. शहाऐंशी हजार चारशेचा तपशील असा: क्रेन अठरा हजार, केबिन आणि बॉडी एक्कावन्न हजार चारशे, हाताचा खर्च सतरा हजार. विमा कंपनीनं माल फाळक्याबाहेर किती होता ते पाहून कागद परत पाठवले होते. ट्रक लोह्याच्या एका गॅरेजच्या दारात उभा होता. दसऱ्याच्या पुढे ऊस सुरू होतो. तोवर गाडी रस्त्यावर आली नाही तर चांदपाशाचं वर्ष गेलं. हे त्यानं एकदाच सांगितलं.

मामांनी पहिला निवाडा दिला: दोघा भावांनी अर्धे-अर्धे.

"माझ्या दारातून गाडी चार चाकांवर गेली," गोविंद म्हणाला.

"माझा कडबा गेला, वर पैसे मीच भरू?" माणिक म्हणाला.

दुसरा निवाडा: तिघांत समान. मी बेरजेवाला, म्हणून भागाकार केला. अठ्ठावीस हजार आठशे. चांदपाशानं मान वर केली. "मामा, मी हमाली देतो म्हणलो व्हतो," एवढंच तो म्हणाला.

मामांनी खिशातून सुतळी काढली. दुमडली, मधला बिंदू धरला. तिथून पुढे काय करायचं ते त्यांना सुचलं नाही. अर्ध्या फाटकातून कुत्री येतात तशा बाहेरच्या बायका डोकावून गेल्या. दोघे भाऊ उठून गेले, वेगवेगळ्या दिशांनी, सारख्याच वेगानं.

सणाचा आमरस उरला होता. सुनंदानं वाट्या भरल्या. मामांनी वाट्यांतली पातळी डोळ्यांनी तपासली, सवयीनं. पातेल्याच्या तळाशी दोन पळ्या रस राहिला. तो नेहमीप्रमाणे सुनंदानं त्यांच्यापुढे सरकवला.

"आज नगं," मामा म्हणाले.

त्यांचं पोट बिघडलं असावं असं मला वाटलं.

मामांना मी शेवटचं पाहिलं ते दसऱ्यानंतर, लातूरहून नांदेडला येणाऱ्या एसटीत. मी लातूरला कामानं गेलो होतो, ते मोंढ्यात आडतीवर सोयाबीन घालून परतत होते. दुपारची वेळ. उजवीकडे ऊन होतं, म्हणून सगळी गाडी डावीकडे दाटलेली. मामांना माझ्या शेजारी डावीकडे सावलीत जागा मिळाली होती. अर्धं तिकीट काढलं. वयस्करांना अर्धं तिकीट हा सरकारनं घेतलेला एकमेव समजूतदार निर्णय, असं त्यांचं मत होतं. गाडी निघाली. चाकूर गेलं आणि मामा उठले, दांडा धरत पलीकडे गेले आणि रिकाम्या बाकावर खिडकीला, भर उन्हात बसले.

"बाबा, तिकडं ऊन हाय की," कंडक्टर म्हणाला.

"असू दे. समदे एकीकडं बसून राहिले," मामा म्हणाले.

अहमदपूर सोडल्यावर ती जागा आली. मामांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही. समोरच्या बाकाचा दांडा दोन्ही हातांनी धरून ते बसून राहिले आणि साइडपट्टी मागे पडल्यावर त्यांनी तो सोडला. मग त्यांचं गाव आलं. ते उतरले नाहीत. मी हाक मारली तर म्हणाले, "लोह्याला जरा काम हाय." लोह्याला उतरले. सदऱ्याच्या आतल्या खिशावर तळहात दाबून, मोडलेला खांदा किंचित खाली ठेवून, ते गॅरेजांच्या ओळीकडे चालत गेले. गाडी सुटली.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांत मामा गेले. तिरडीला खांदा देणाऱ्यांत गोविंद उंच आणि माणिक ठेंगणा. दोघेही पुढेच धरायचं म्हणून अडून बसलेले. तिरडी एका बाजूला कलली. मागून चांदपाशा आला आणि माणिकला म्हणाला, "सरक बाजूला, डावीकडं झुकून राहिलंय." त्याचा हात बरा झाला होता. मामांना त्यानं सरळ नेलं.

परतताना त्यानं मला सांगितलं. ट्रक दसऱ्यानंतर चार दिवसांत रस्त्यावर आला, उसाला लागला. मामा गॅरेजांमागच्या त्याच्या घरी आले तेव्हा तो गॅरेजवर होता. घरात बायको होती. मामांनी बसायला नकार दिला, पाणी घेतलं आणि सोयाबीनच्या पट्टीचे, म्हणजे आडतीवरच्या विक्रीचे, पैसे तिच्या हातात दिले. ती म्हणाली, मामा, तुमच्या वाट्याला तर काहीच आलं नव्हतं.

"जे वाटलं जात न्हाई ते पंचाचं," मामा तिला म्हणाले.

रुपये शहाऐंशी हजार चारशे, एकरकमी, चांदपाशाच्या बायकोकडे. मी खात्री करून घेतली. पूर्ण होते.